मॅग्नम शिकारी रायफलसाठी अचूक काडतुसे हाताने भरताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मॅग्नम, म्हणजे अधिक पावडर मावणाऱ्या मोठ्या काडतुसाच्या, रायफलसाठी स्वतः काडतुसे भरू लागणाऱ्या बहुतेकांची एक समजूत असते : पावडरची नेमकी मात्रा एकदा सापडली की निशाण्यावरचे ग्रूप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) आपोआप लहान होतील. प्रत्यक्षात अचूकतेचा मोठा वाटा रायफलला मानवणाऱ्या गोळीतून आणि त्याच रायफलच्या चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीला) जुळवून घेतलेल्या पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या पितळी खोळीतून, येतो. पावडरच्या दशांश ग्रेनचा क्रमांक बराच खाली लागतो. म्हणून या लेखात पुंगळीवर बराच वेळ घालवला आहे आणि काही लोकप्रिय चाचण्यांना थोडक्यात निकालात काढले आहे. जिथे काडतुसे भरणे आणि शिकार या दोन्ही गोष्टी कायदेशीर आहेत आणि आवश्यक ते परवाने हातात आहेत, तिथल्यासाठीच हे मार्गदर्शन आहे, हे वेगळे सांगायला नको.

मोजमापांविषयी आधीच सांगून ठेवतो. पावडर आणि गोळी यांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. लांब्या बहुतेक पुस्तिकांत इंचात असतात, त्यामुळे कॅलिपर दोन्ही एककांत वाचणारा घ्यावा. पुढे एकाही लोडची (काडतुसाच्या घटकांच्या ठरावीक जोडणीची) मात्रा दिलेली नाही, आणि ती जाणीवपूर्वक दिलेली नाही : मात्रा फक्त पावडर किंवा गोळी बनवणाऱ्यांच्या छापील वा अधिकृत लोड पुस्तिकेतूनच घ्यायची असते. मित्राने सांगितलेला आकडा त्याच्या रायफलमध्ये कितीही निर्धोक ठरलेला असला तरी तुमच्या रायफलविषयी तो काहीच सांगत नाही.

आधी रायफल तपासा

ढिली रायफल कोणतेही काडतूस अचूक मारू शकत नाही, आणि मॅग्नमचा धक्का स्क्रू ढिले करण्यात पटाईत असतो. अ‍ॅक्शनचे (काडतूस चेंबरमध्ये ढकलून बंद करणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू आणि दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर घट्ट करावेत. नळी स्टॉकपासून (दस्त्यापासून) मोकळी असेल अशी रचना असल्यास दोघांमधून कागदाची पट्टी चेंबरच्या जवळपर्यंत सरकते का ते पाहावे. नळीत साचलेले तांबे विद्रावकाने काढावे आणि त्यानंतर दोन-चार गोळ्या मारून नळी पुन्हा नेहमीच्या स्थितीत आणावी, कारण लख्ख स्वच्छ नळीतून गेलेल्या पहिल्या गोळ्या पुष्कळदा इतरांपासून दूर लागतात.

यानंतर चांगल्या प्रतीच्या कारखानी काडतुसांचे दोन-तीन ग्रूप मारून ठेवावेत. तुमचा पाया तोच. शिवाय त्यातून रिकाम्या पुंगळ्याही मिळतात, ज्या तुमच्याच चेंबरमध्ये फुगून त्याचा आकार घेतलेल्या असतात. धक्क्याला घाबरून ट्रिगर झटकण्याची सवय लागली असेल तर तीही इथेच उघडी पडते. सरावात एखाद्या साथीदाराने तुमच्या नकळत मधूनच डमी काडतूस घातले आणि ट्रिगर दाबताच नळी खाली झुकली, तर पावडर बदलून उपयोग नाही. एका बैठकीत पंधरा-वीसपेक्षा जास्त मॅग्नम काडतुसे मारणे खांद्यालाही झेपत नाही आणि तापलेल्या नळीलाही.

साहित्य निवडताना

गोळीची निवड शिकारीच्या प्राण्यावरून आणि नळीच्या पिळावरून (आतल्या सर्पिल खाचा किती अंतरात एक फेरा घेतात त्यावरून) करावी. .३०० विन्चेस्टर मॅग्नम या काडतुसाच्या बहुतेक रायफलींमध्ये १० इंचाला एक फेरा असा पिळ असतो आणि त्यावर १८० ग्रेनच्या आसपासच्या शिकारी गोळ्या सहसा स्थिर उडतात. निखळ तांब्याच्या गोळ्या त्याच वजनाच्या शिशाच्या गोळ्यांपेक्षा लांब असतात; त्यामुळे त्यांना पिळ अधिक लागतो, त्या पुंगळीत अधिक जागा व्यापतात, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र लोड माहिती वापरावी लागते. शिशाच्या १८० ग्रेन गोळीची मात्रा तांब्याच्या १८० ग्रेन गोळीखाली भरणे ही धोक्याची गोष्ट आहे.

मोठ्या मॅग्नम पुंगळीला मंद जळणारी पावडर लागते. पुंगळी नव्वद टक्क्यांहून अधिक भरेल अशी पावडर पुस्तिकेत असल्यास तिलाच पसंती द्यावी, कारण पावडर आत इकडेतिकडे सांडायला जागा नसली की प्रज्वलन अधिक एकसारखे होते. याचा आणखी एक फायदा असा की चुकून दुप्पट मात्रा पडली तर पावडर पुंगळीबाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. खरा धोका चुकीच्या पावडरचा असतो. पिस्तुलाच्या जलद पावडरने मॅग्नमची पुंगळी भरली तर रायफलचे तुकडे होतात. नावांची सरमिसळही तितकीच घातक : एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचा जळण्याचा वेग वेगळा आहे, आणि डब्यावरचा अंक सारखा असला तरी एकीची माहिती दुसरीला लागू पडत नाही. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा असावा आणि काम संपताच मापकातली उरलेली पावडर त्याच डब्यात परत जावी.

प्रायमर (पावडर पेटवणारी, पुंगळीच्या बुडातली टोपी) मॅग्नम प्रकारचा घ्यावा, तोही पुस्तिकेत त्या लोडसाठी लिहिलेलाच. सत्तर ग्रेनच्या पुढे जाणारी मंद पावडर, विशेषतः थंडीत, एकसारखी पेटवण्यासाठी त्याची ज्योत उपयोगी पडते. प्रायमर, पुंगळीची कंपनी, गोळी किंवा पावडरचा लॉट, यांपैकी काहीही बदलले तर पुन्हा सुरुवातीच्या मात्रेवर यायचे.

पुंगळी : खरे काम इथे आहे

पट्टा असलेल्या मॅग्नम पुंगळीची गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. १९१२ साली आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमचा खांदा (पुंगळी मानेकडे अरुंद होते तो भाग) इतका उतरता होता की काडतूस चेंबरमध्ये नेमके कुठे थांबेल हे ठरवण्यासाठी बुडाशी पट्टा देण्यात आला. पुढे १९६२ साली ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ साली .३०० विन्चेस्टर मॅग्नम आली. या दोघींना चांगला उभा खांदा आहे, तरीही पट्टा वारशाने राहिला. परिणाम असा की नव्या पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्यापासून बराच मागे असला तरी काडतूस पट्ट्यावर टेकून व्यवस्थित उडते, आणि त्या पहिल्या वेळी पुंगळी पट्ट्याच्या थोडी पुढे ताणली जाते.

पहिला ताण टाळता येत नाही. पण डाय (पुंगळी दाबून पुन्हा आकारात आणणारा साचा) उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे शेलहोल्डरला (पुंगळी धरणाऱ्या भागाला) घट्ट टेकवून बसवली, तर दर वेळी खांदा पुन्हा मागे ढकलला जातो, दर वेळी पितळ तिथेच ताणले जाते आणि चार-पाच वापरांतच पुंगळी बुडापासून तुटण्याच्या बेतात येते. पट्ट्याच्या मॅग्नम पुंगळ्या फार टिकत नाहीत अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

उपाय सोपा आहे, फक्त त्याला सावकाशपणा लागतो. तुमच्या चेंबरमधून उडालेली पुंगळी घ्या, तिचा प्रायमर काढा आणि कॅलिपरला कंपॅरेटर (ठरावीक व्यासाच्या जागेपासून मोजू देणारे जोडसाधन) लावून बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर मोजा. मग बोल्टमधून (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागातून) फायरिंग पिन आणि, शक्य असेल तर, इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून टाका. डाय शेलहोल्डरपासून थोडी वर ठेवून, वंगण लावलेली पुंगळी तीत दाबा आणि मोकळ्या बोल्टने चेंबरमध्ये बंद करून पाहा. खांदा अजून पुढे असेल तर बोल्टची मूठ मध्येच अडेल. डाय अगदी थोडी, घड्याळाच्या काट्याच्या एखाद्या मिनिटाइतकी, खाली फिरवा आणि पुन्हा पाहा. एका क्षणी मूठ स्वतःच्या वजनाने, अडखळल्याशिवाय खाली पडेल. तिथून खांदा आणखी जरासा मागे घ्यावा. उडालेल्या पुंगळीच्या तुलनेत सुमारे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे दोन हजारांश इंच, इतका फरक शिकारी रायफलला पुरतो : पुंगळी ताणली जात नाही आणि धूळ वा पाऊस असतानाही बोल्ट बंद होतो. डायची ही जागा पक्की करून ठेवावी.

ताण ओळखण्यासाठी एक बारीक तार घ्यावी, तिचे टोक काटकोनात वळवून घासून अणकुचीदार करावे आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढावे. पट्ट्याच्या किंचित पुढे तार एखाद्या खाचेत अडल्यासारखी वाटली, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकून द्यावी. बाहेरून त्याच जागी चकाकणारी कडी दिसली तरी हाच निकाल. काही पुंगळ्यांचे अंग पट्ट्याच्या लगेच पुढे फुगते आणि तेवढ्या भागापर्यंत नेहमीची डाय पोहोचत नाही. अशा पुंगळ्या चेंबरमध्ये घट्ट जाऊ लागल्या तर त्यासाठी खास कोलेट डाय मिळते.

बाकीची तयारी पटकन उरकण्यासारखी आहे. लांबी मोजून कापावी : .३०० विन्चेस्टर मॅग्नमची कमाल लांबी २.६२० इंच असते आणि ती साधारण २.६१० इंचांवर कापतात. तोंडाच्या आतली-बाहेरची कुसे काढावीत, वंगण पूर्ण पुसावे, प्रायमरची खोबण साफ करावी. सगळ्या पुंगळ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच लॉटच्या असाव्यात, कारण आतली जागा कमी-जास्त झाली की दाबही बदलतो. मानेची बाहेरची जाडी कातणे, प्रायमरच्या छिद्राला आकार देणे हे सोपस्कार स्पर्धेच्या रायफलसाठी असतील. शिकारी चेंबरमध्ये त्यांतून काही हाती लागल्याचे क्वचितच दिसते.

प्रायमर हाताच्या साधनाने बसवावा म्हणजे तो तळाला टेकल्याचे बोटांना कळते. तो पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत, साधारण ०.१ मिलिमीटर, बसलेला असावा. प्रायमर न दाबता सहज सरकू लागला तर त्या पुंगळीचे आयुष्य संपले.

पावडरची मात्रा : वर चढताना

सुरुवात पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या मात्रेपासूनच करावी. ती दिलेली नसेल तर कमाल मात्रेपेक्षा दहा टक्के कमी घेण्याचा प्रघात आहे. पण त्याहून खाली जाऊ नये. मंद पावडर मोठ्या पुंगळीत फारच कमी भरली, तर दाब कमी होण्याऐवजी अचानक बेफाम वाढल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. कमी पावडर म्हणजे अधिक सुरक्षित, हे समीकरण इथे चालत नाही.

काटा वापरण्याआधी तपासवजनाने पारखून घ्यावा आणि पंखा किंवा वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावा. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून पावडर ओतावी आणि गोळी बसवण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात सर्वांतली पातळी एका नजरेत पाहावी. एक टक्क्याच्या, म्हणजे या आकाराच्या पुंगळीत सुमारे पाऊण ग्रेनच्या, टप्प्याने एकेक किंवा दोन-दोन काडतुसे भरावीत. वर जाताना टप्पा अर्धा ग्रेन करावा. यांचा हेतू ग्रूप पाहणे हा नाही. आपल्या रायफलमध्ये दाबाची मर्यादा कुठे आहे ते शोधणे एवढाच आहे.

ही काडतुसे क्रोनोग्राफवरून (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून), कमी मात्रेकडून जास्त मात्रेकडे, एकेक करून मारावीत आणि प्रत्येक वेळी थांबून पुंगळी पाहावी. बोल्ट उचलायला जड जाणे, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटणे, प्रायमर कडेपर्यंत सपाट होणे किंवा त्यात फायरिंग पिनभोवती वरंबा येणे, यांपैकी काहीही दिसले की तिथेच थांबायचे आणि उरलेली काडतुसे घरी नेऊन उसकायची. मात्र ही लक्षणे उशिरा येतात, हे ध्यानात असू द्यावे. .३०० विन्चेस्टर मॅग्नमचा मान्य कमाल दाब ६४,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमचा ६१,००० पीएसआय आहे. पितळ बोलू लागते तेव्हा पुष्कळदा ही मर्यादा आधीच ओलांडलेली असते. म्हणून क्रोनोग्राफवर माझा भरवसा अधिक. तेवढ्याच लांबीच्या नळीतून पुस्तिकेच्या कमाल मात्रेला जो वेग दिला आहे तो तुम्हाला कमी पावडरमध्येच मिळाला, तर दाबही तिथे पोहोचला आहे असे समजावे. फुकटचा वेग कुठूनही येत नाही.

इथे अनेकजण वेगाच्या आलेखात सपाट जागा शोधतात. दोन-तीन लागोपाठच्या मात्रांना जवळपास सारखा वेग आला की तिथे काडतूस स्थिर आहे, असा तो तर्क. एकेका गोळीवर बेतलेल्या अशा सपाट जागा चाचणी पुन्हा केली की बहुधा नाहीशा होतात किंवा दुसरीकडे सरकतात. ०.१ ग्रेनने मॅग्नमचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटरने बदलतो. एकाच मात्रेच्या काडतुसांत त्याहून कितीतरी जास्त फरक असतो. दाबाचे कोणतेही लक्षण नसलेल्या आणि पुस्तिकेच्या मर्यादेतल्या सर्वांत वरच्या मात्रेपेक्षा दोन-तीन टक्के खाली यावे आणि ग्रूपची चाचणी तिथून सुरू करावी, हा माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात वेग थोडा जातो, पण उन्हाळ्यासाठी पदरात सवड राहते.

गोळी किती आत बसवावी

गोळी आणि रायफलिंगची (नळीतल्या सर्पिल खाचांची) सुरुवात यांच्यातले अंतर हा अचूकतेवर खरोखर परिणाम करणारा घटक आहे, पण शिकारी रायफलमध्ये पहिला शब्द मॅगझिनचा असतो. .३०० विन्चेस्टर मॅग्नमच्या काडतुसाची मान्य कमाल लांबी ३.३४० इंच आहे, आणि पुष्कळ रायफलींची मॅगझिन याच्या फारशी पुढे जाऊ देत नाहीत. मॅगझिनमध्ये न मावणारे काडतूस कितीही अचूक असले तरी शिकारीला निरुपयोगी. याच काडतुसाची मान ०.२६४ इंच, म्हणजे गोळीच्या ०.३०८ इंच व्यासापेक्षाही आखूड आहे; त्यामुळे गोळी फार बाहेर ठेवली तर तिला धरायला पितळच उरत नाही.

पुस्तिकेतल्या लांबीपासून सुरुवात करावी आणि रायफलिंगपासून किमान अर्धा मिलिमीटर अंतर ठेवावे. तांब्याच्या गोळ्यांना अधिक उडी, म्हणजे रायफलिंगपर्यंतचे अधिक अंतर, मानवते, त्यांच्यासाठी सव्वा मिलिमीटरपासून पुढे पाहावे. रायफलिंगला टेकलेली गोळी दाब एकदम वाढवते. शिवाय न उडवलेले काडतूस बाहेर काढताना ती नळीत अडकून राहू शकते आणि सगळी पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडते. मात्रा कायम ठेवून गोळी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने आत घेत तीन-चार लांब्या तपासाव्यात. त्या वेळी दुसरे काहीही बदलू नये. लांबी मोजताना गोळीच्या टोकापासून मोजू नये, कारण टोके एकसारखी नसतात. कंपॅरेटरने गोळीच्या फुगीर भागापासून मोजावी.

ग्रूप वाचताना

तीन गोळ्यांचा एक सुंदर ग्रूप खिशात घालून लोड ठरवणे ही या छंदातली सर्वांत महाग चूक आहे. एकाच रायफलचे, एकाच काडतुसाचे दहा गोळ्यांचे ग्रूप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रूपच्या सुमारे १.६ पट मोठे येतात, आणि यात कोणाचाही दोष नसतो. तो निव्वळ संख्येचा परिणाम आहे. म्हणून दोन लोडची तुलना करायची तर दोन्हीच्या किमान दहा-दहा गोळ्या हव्यात. त्या एकाच बैठकीत माराव्यात असे नाही. दर तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ द्यावी, प्रत्येक ग्रूपसाठी त्याच जागी नेम धरावा आणि नंतर सगळे कागद एकावर एक ठेवून छिद्रे एकत्र मोजावीत.

वेगाच्या फरकाचेही तसेच आहे. पाच गोळ्यांवरून वेगाचे प्रमाण विचलन १० फूट प्रतिसेकंद आले, तर खरा आकडा ६ पासून २९ पर्यंत कुठेही असू शकतो. आणि शिकारीच्या अंतरावर त्याची फार काळजीही करू नये : ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या गोळीत १० मीटरचा फरक पडला तर ३०० मीटरवर ती जेमतेम दीड सेंटिमीटर वर-खाली लागते. दहा गोळ्यांचा ग्रूप १०० मीटरवर ४ सेंटिमीटरच्या आत असेल तर तो ३०० मीटरवर १२ सेंटिमीटरच्या आसपास राहतो, आणि मोठ्या प्राण्याचा मर्मभाग त्याहून बराच मोठा असतो. तिथे थांबावे. मॅग्नमची नळी लवकर झिजते. चाचण्यांवर खर्च केलेली तिची उमर परत मिळत नाही.

शिकारीला नेण्यापूर्वी

लोड ठरला की थोडी काडतुसे भरून खऱ्या परिस्थितीत पारखावीत. प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाते आणि बोल्ट सहज बंद होतो, हे रायफल सुरक्षित दिशेला धरून पाहावे. मॅगझिन भरून तळच्या काडतुसाची लांबी मोजून ठेवावी, वरची काडतुसे उडवावी आणि तळच्याची लांबी पुन्हा मोजावी. मॅग्नमच्या धक्क्याने गोळी आत सरकली असेल तर मानेची पकड अपुरी आहे. वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून फक्त पहिली गोळी मारून त्या सगळ्या छिद्रांचा एक कागद तयार करावा. शिकारीत कामाला येणारी गोळी हीच असते, आणि हा कागद बेंचवरच्या ग्रूपपेक्षा अधिक खरे सांगतो.

शेवटची चाचणी उन्हाची. लोड थंडीत तयार केला असेल तर तो वर्षातल्या उष्ण दिवशी, त्याच बारकाईने पुंगळी पाहत, पुन्हा मारावा, कारण बऱ्याच पावडरींचा दाब तापमानाबरोबर चढतो. काडतुसे गाडीच्या काचेखाली तापत ठेवू नयेत, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाट पाहत बसू नये. डब्यावर पुंगळीची कंपनी आणि कितवा वापर, प्रायमर, पावडर व तिचा लॉट, मात्रा, गोळी, कंपॅरेटरने मोजलेली लांबी, तारीख आणि रायफल हे सारे लिहावे. पावडरचा नवा डबा उघडला आणि त्याचा लॉट वेगळा निघाला, तर सुरुवातीच्या मात्रेवर येऊन क्रोनोग्राफवर जुना वेग गाठेपर्यंत पुन्हा टप्प्याटप्प्याने चढावे. तो वेग जुन्या मात्रेच्या आधीच आला तर नवी मात्रा तीच.